रस्त्यावरचे खडूचित्र : वाचकांचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया), मुलींची भुलाबाई, कोजागरी, पाडव्याची शोभायात्रा; निमित्त कोणतेही असो, रांगोळीच्या जोडीला आता कॉलन्यांच्या रस्त्यांवर खडूची चित्रेही दिसू लागली आहेत. खान्देशातून त्याबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक तक्रारी हाताच्या नाहीत, जमिनीच्या आणि पाण्याच्या आहेत. उत्तरांतही झुकते माप त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : कोजागरीला मुलांनी सोसायटीच्या आवारात चित्रे काढली. पेव्हर ब्लॉक नवे, चकचकीत आहेत. शाळेच्या खडूचे दोन डबे संपले, रंग मात्र फिका तो फिकाच. वारा सुटला आणि एक आजोबा म्हणाले, "बठ्ठा रंग उडी गया!" खडू वाईट होते की आमचे ब्लॉक? – सोसायटीचे सचिव, भुसावळ

उत्तर : दोन्ही, पण जास्त दोष ब्लॉकचा. खडू जमिनीला चिकटतो असे आपण म्हणतो. खरे तर जमीन खडूला किसते. किसणीवर खोबरे किसावे तसा त्याचा कीस निघतो आणि जमिनीच्या बारीक खड्ड्यांत अडकून बसतो. तुमचे चकचकीत ब्लॉक प्लास्टिक किंवा रबरी साच्यात ओतलेले असणार. त्यांचा चेहरा काचेसारखा असतो, किसणीला दातच नाहीत. यंत्रावर दाबून काढलेले खरबरीत ब्लॉक त्यापेक्षा कितीतरी बरे.

जागा ठरवण्याआधी एवढे करा. हातभर जागेत पांढरा खडू पाच-सहा वेळा घासा, जोरात फुंकर मारा, मग तळहात एकदाच फिरवा. निम्म्याहून जास्त रंग हातावर आला तर जागा बदला. सर्वांत चांगली जागा म्हणजे खराट्याच्या बारीक रेघा ओढलेला सिमेंटचा रस्ता, तोही किमान दोन-तीन महिने जुना. नव्या सिमेंटमधून पांढरी क्षाराची पूड वर येते आणि रंग खाऊन टाकते. घोटलेली कोटा फरशी आणि ग्लेझ टाइल यांचा विचारही करू नका. डांबरी रस्ता चालतो, पण तो खडू फार खातो. काळ्या जमिनीवर पांढरा, पिवळा, केशरी उठून दिसतात. निळा आणि तपकिरी बुडतात. चित्र निवडताना हे लक्षात ठेवा, नाहीतर निळ्या अंगाचा कृष्ण रस्त्यात हरवतो.

ब्लॉकवरच काढायचे असेल आणि ते साधे आयताकृती असतील, तर सांध्यांचा उपयोग करून घ्या. 20 बाय 10 सेंटिमीटरचा ब्लॉक म्हणजे आयता आखलेला चौकटींचा कागद. नागमोडी ब्लॉकला मात्र ही सोय नाही.

आता खडू. शाळेचा धूळविरहित खडू मुद्दाम कडक केलेला असतो, कारण त्याची पूड कमी उडायला हवी. तुम्हाला हवे ते नेमके उलटे आहे. जाड, मऊ खडू घ्या किंवा घरी करा. कृती पुढच्या उत्तरात आहे.

जागेची तयारी आदल्या संध्याकाळी करा. आधी खराटा, मग केरसुणी, कारण काळ्या मातीची धूळ खराट्याला दाद देत नाही. मग पाणी मारून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. दुचाकी लावायच्या जागी ऑइलचे डाग असतातच. त्यांवर कोरडे सिमेंट किंवा लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झाडून घ्या, धुण्याच्या पावडरीने घासा आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. साबणाचा अंश राहिला तर खडू घसरतो. तेलाचा राहिला तर त्या जागी चित्रात भोकच पडल्यासारखे दिसते.

प्रश्न : शाळेत 40 मुलांसाठी जाड रंगीत खडू करायचे आहेत. विकतचे परवडत नाहीत. प्लास्टर ऑफ पॅरिसचे खडू एकदा केले होते. काही दगडासारखे कडक झाले, तर काही हातातच चुरले. – शिक्षिका, शहादा

उत्तर : कडक झाले ते पाणी कमी पडल्यामुळे. चुरले ते एकतर जुन्या पावडरीमुळे किंवा रंग जास्त झाल्यामुळे. पावसाळ्यात उघडे राहिलेले पोते हवेतली ओल पिते, मग ते नीट धरत नाही. नवी पिशवी घ्या आणि थोडी कालवून पाहा. अर्ध्या तासात नखाने दाबून खड्डा पडत नसेल तर माल चांगला.

साचा म्हणून वायरिंगची 25 मिलिमीटरची पीव्हीसी नळी घ्या. 3 मीटरच्या एका नळीचे 12 सेंटिमीटरचे 24 तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा हॅकसॉने लांबीच्या बाजूने एकदा चिरून घ्या. भरताना रबरबँडने आवळायचा, काढताना चीर उघडायची. आत बटर पेपरची गुंडाळी घाला आणि खालचे तोंड चिकटपट्टीने बंद करा. नळीला आतून तेल लावायचा मोह होईल, तो टाळा. तेल खडूच्या अंगात मुरते आणि तो रस्त्यावर नुसता घसरतो.

एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त कालवू नका, भांड्यातच घट्ट होते. प्रमाण असे: पावडर 500 ग्रॅम, पाणी 350 मिलिलिटर, कोरडा पोस्टर रंग सुमारे 30 ग्रॅम. ओला पोस्टर रंग वापरणार असाल तर जितका रंग, तितके पाणी कमी करा. पाण्यात आधी रंग विरघळवा. मग पावडर पाण्यावर भुरभुरवत जा. पावडरीवर पाणी ओतू नका, गुठळ्या होतात. पाण्याच्या वर कोरडी बेटे दिसू लागली की थांबा, मिनिट-दीड मिनिट ती भिजू द्या, मगच लाकडी पट्टीने सावकाश ढवळा. जोरात फेटले तर हवेचे बुडबुडे राहतात आणि खडू तिथेच मोडतो. पातळ बासुंदीसारखे झाले की लगेच ओता आणि साचे जमिनीवर दोन-तीनदा ठोका. अर्ध्या-पाऊण तासात खडू निघतो.

एवढ्या मालात अकरा-बारा खडू होतात. 40 मुलांना प्रत्येकी 4 म्हणजे 160. मोडतोड धरून 8 किलो पावडर आणा.

वाळवायचे सावलीत, दोन-तीन दिवस. तापलेल्या पत्र्यावर ठेवले तर वरचे अंग भुसभुशीत होते आणि आत ओल राहते. वाळला की नाही हे गालाला लावून कळते: गार लागला तर आत अजून पाणी आहे.

रंगाबद्दल दोन सूचना. रांगोळीचा रंग यात घालू नका. त्यात दगडाची भुकटी असते. खडूला कणी येते आणि तो खरडतो. फरशीच्या कामाचा ऑक्साइड रंग सुंदर बसतो, पण सिमेंटवरून लवकर जात नाही. शाळेच्या पटांगणात तो नकोच.

कालवायचे काम मोठ्यांनी करावे, तोंडाला रुमाल बांधून. प्लास्टर घट्ट होताना तापते, त्यात मुलांनी हात बुडवून ठेवला तर भाजतो. उरलेले मोरीत ओतू नका, नळीत दगड होतो. बादलीतच घट्ट होऊ द्या आणि ठोकून कचऱ्यात टाका. स्वस्त पडतो म्हणून भिजवलेल्या चुन्याचे खडू करू नका. चुना कातडी आणि डोळे दोन्ही जाळतो.

प्रश्न : भुलाबाई-भुलोजींचे 10 बाय 12 फुटांचे चित्र काढायचे आहे. कागदावर छान जमते, जमिनीवर चेहरे लांबट होतात. खडू किती लागतील? – महिला मंडळ, धुळे

उत्तर : जमिनीवर वाकून काढताना जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते. आपला हात नकळत लांबचा भाग ताणतो. यावर उपाय चौकटींचाच. कागदावर 10 बाय 12 इंचांचे चित्र काढून त्यावर इंचाइंचाच्या चौकटी आखा. जमिनीवर एक चौकट एक फुटाची.

जमिनीवरचा काटकोन डोळ्याने धरू नका. एका बाजूवर 6 फूट मोजा, दुसरीवर 8. दोन टोकांमधले अंतर बरोबर 10 फूट आले तर कोन काटकोन. गवंडी रोज हेच करतात. रेघांसाठी सुतळीला पांढरा खडू चोळा, दोघींनी दोन टोके ताणून धरा आणि मधून उचलून सोडा. गेरू लावू नका, तो शेवटपर्यंत चित्रातून डोकावत राहतो. चौकटींना कडेने आकडे आणि अक्षरे द्या. चार जणी चार बाजूंनी काम करू लागल्या की कोणती चौकट कुणाची यावरून गोंधळ होतो.

लोक कुठून पाहणार ती बाजू आधी ठरवा. चित्राचे पाय त्या बाजूला आणि काम उलट टोकाकडून, म्हणजे वरून खाली. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी डावीकडून सुरुवात करावी, म्हणजे काढलेल्यावर हात आणि गुडघा येत नाही. गुडघ्याखाली घडी घातलेले गोणपाट घ्या.

रंग भरताना आधी मधली छटा सपाट भरा आणि स्पंजने किंवा बोटात जुना मोजा घालून चोळून बसवा. उघड्या बोटांनी चोळले तर तासाभरात कातडी सोलते. त्यावर गडद, मग उजळ रंग. बाह्यरेषा आणि डोळे सगळ्यांत शेवटी. काळ्यासाठी काळा खडू शोधत बसू नका, लाकडी कोळसा त्याहून गडद उमटतो. डोळ्यांतला पांढरा ठिपका विसरू नका. भुलाबाईच्या चेहऱ्यात जीव येतो तो त्या मुगाएवढ्या ठिपक्याने.

खडूंचा हिशेब जमिनीगणिक बदलतो. म्हणून त्याच जागी एक चौरस फूट पूर्ण भरून, चोळून पाहा आणि खडू किती झिजला ते मोजा. त्याला 120 ने गुणा, वर पाव भाग धरा. पांढरा मात्र दुप्पट घ्या. तो उजळ छटांत जातो, चुका झाकण्यात जातो, आणि तोच आधी संपतो. चार जणींना हे चित्र सहा तासांचे आहे. सकाळी आखणी करून दुपार टाळायची आणि चारनंतर रंग भरायचा, ही वाटणी सोयीची.

रांगोळी आणि खडू एकत्र करायचे असतील तर खडूचे काम पूर्ण संपवा आणि शेवटी फक्त दागिने व काठ यांवर रांगोळीची उठावदार रेघ सोडा. रांगोळी पडली की तिथे चोळणे संपले.

प्रश्न : फोटोत रस्त्यात खरी विहीर असल्यासारखी दिसतात ती चित्रे कशी काढतात? आमच्या मंडळाला नंदुरबारच्या चौकात तसे काहीतरी करायचे आहे. पोरांनी उभा हत्ती सुचवला आहे. आणि ही कला नेमकी कुठली? – मंडळाचे कार्यकर्ते, नंदुरबार

उत्तर : हत्ती सोडा, विहीरच काढा. कारण हिशेबात आहे.

हे चित्र एकाच ठिकाणाहून खरे दिसते. ते ठिकाण आधी नक्की करा. समजा डोळा, म्हणजे मोबाइल, जमिनीपासून 5 फुटांवर आहे आणि वस्तू त्याच्यापासून 10 फुटांवर उभी भासवायची आहे. वस्तूवरचा प्रत्येक बिंदू जमिनीवर किती अंतरावर काढायचा, हे असे काढतात: वस्तूचे अंतर गुणिले डोळ्याची उंची, भागिले (डोळ्याची उंची वजा बिंदूची उंची). 1 फूट उंचीचा बिंदू 12.5 फुटांवर पडतो. 2 फुटांचा जवळपास 16.7 फुटांवर, 3 फुटांचा 25 वर आणि 4 फुटांचा थेट 50 वर. म्हणजे 4 फुटी हत्तीसाठी 40 फूट लांब रस्ता रंगवावा लागेल. रुंदीही त्याच पटीत वाढते: 2 फूट उंचीवर जवळपास 1.67 पट, 4 फुटांवर पाचपट. पहिल्या प्रयत्नात दीड-दोन फुटांपेक्षा उंच काही घेऊ नका. एखादा तांब्या, केळीचा घड किंवा बसलेले मांजर चालेल.

विहिरीचे गणित उलटे, आणि सोयीचे. खोलीसाठी वजाच्या जागी अधिक येते. विहिरीचा जवळचा काठ 10 फुटांवर आणि लांबचा 14 फुटांवर धरा. समोरच्या भिंतीवर 1 फूट खाली असलेला बिंदू 14 × 5 ÷ 6, म्हणजे सुमारे 11.7 फुटांवर येतो. 2 फूट खालचा बरोबर 10 फुटांवर, म्हणजे अलीकडच्या काठावरच. त्याखालचे काठाआड जाते. थोडक्यात, सगळे चित्र त्या 4 फुटांच्या तोंडातच मावते, जास्तीची जागा लागत नाही. पाणी दाखवायचे असेल तर दीड फुटाच्या आत दाखवा, नाहीतर ते दिसणारच नाही. लांबचा काठ 16 फुटांवर नेलात तर 3 फूट खोलीपर्यंत भिंत दिसते.

भास आकारापेक्षा छायेने जास्त होतो. भिंतीचे दगड वर उजळ, खाली गडद करत न्या. पाण्यापाशी जवळपास कोळसा. काठाच्या एकाच बाजूची सावली आत पडू द्या, आणि ती त्या वेळच्या खऱ्या उन्हाच्या दिशेने. सकाळी काढलेली सावली संध्याकाळच्या फोटोत खोटी पडते. म्हणून लोक जमण्याच्या वेळेचे ऊन आदल्या दिवशी पाहून ठेवा.

काम चालू असताना मोबाइल त्याच जागी, त्याच उंचीवर स्टँडला बांधून ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातून पाहा. कॅमेरा नेहमीच्या 1x वर ठेवा. शेवटी त्या जागी दोन पावले रंगवून ‘येथे उभे राहा’ असे लिहा. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांना एक डोळा मिटायला सांगा. दोन डोळ्यांना जमीन सपाट आहे हे लगेच कळते, म्हणूनच ही चित्रे समोर असण्यापेक्षा फोटोत जास्त फसवतात.

कुठली कला, तर फरशीवर खडूने देवादिकांची चित्रे काढणाऱ्या फिरस्त्या चित्रकारांची इटलीत जुनी परंपरा आहे. त्यांना ‘मादोन्नारी’ म्हणतात, मादोन्ना म्हणजे मेरीमातेची चित्रे काढणारे. मांतोवाजवळच्या ग्रात्सिए गावी 1973 पासून 15 ऑगस्टच्या सुमारास त्यांचा मेळा भरतो. खोलीचा भास देणारा प्रकार मात्र अलीकडचा. आधी नासासाठी चित्रे काढणाऱ्या कर्ट वेनर या अमेरिकी चित्रकाराने तो 1980 च्या दशकात इटलीत रूढ केला. ज्यांच्या अंगणात रोज सकाळी जमिनीवर रेघ उमटते त्यांना हे परके वाटायचे कारण नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात पावसाचा नेम नसतो. चित्रावर केसांचा स्प्रे किंवा वार्निश मारले तर टिकेल का? – जळगाव

उत्तर : नाही. स्प्रेने रंग काळवंडतो, पाऊस त्याला जुमानत नाही, आणि जागा निसरडी होते. गर्दीत कुणी घसरले तर चित्र राहील बाजूला. वार्निश तर पुढच्या वर्षीही दिसेल.

पाऊस अडवता येत नाही, वाहते पाणी अडवता येते. चित्रे बहुधा वरून पडणाऱ्या थेंबांनी नाही, रस्त्याच्या उतारावरून येणाऱ्या ओघळाने जातात. आदल्या दिवशी बादलीभर पाणी ओतून ओघळ कुठून जातो ते पाहा. चढाच्या बाजूला ओल्या चिकणमातीचा किंवा वाळूच्या पिशव्यांचा तिरपा बांध घाला, सरळ नको. सरळ बांधामागे पाणी साचून शेवटी वरून येतेच. प्लास्टिकचा कागद चित्रावर थेट टाकू नका. खालून घाम सुटतो आणि सगळा रंग कागदाला चिकटून उचलला जातो. बांबूच्या चौकटीवर, एका बाजूला दोन फूट आणि दुसऱ्या बाजूला एक फूट उंच असा ताणा.

कोजागरीला पावसाऐवजी दव असते. रात्री दहानंतर रंग ओलसर, गडद दिसू लागतात. त्यावर हात फिरवू नका, वाळले की पूर्ववत होतात. दिवा उंचावर आणि पांढरा लावा. पिवळ्या हॅलोजनखाली निळा काळा दिसतो. जमिनीलगतच्या दिव्याने चित्रापेक्षा रस्त्याची खडीच उठून दिसते. आणि दुधाची पातेली चित्रापासून लांब मांडा. सांडलेल्या दुधावर सकाळी मुंग्यांचे वेगळेच चित्र असते.

प्रश्न : आखाजीला मुलांची स्पर्धा घ्यायची आहे. वेळ कोणती ठेवावी? – चोपडा

उत्तर : सकाळी सहा ते साडेआठ, त्यापुढे नाही. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि सिमेंट हवेपेक्षा बरेच जास्त तापते. मूल गुडघे टेकून बसले की चटका लागेपर्यंत त्याला कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने जमीन पाच सेकंद धरवत नसेल तर स्पर्धा तिथेच थांबवा. लहानांना 2 बाय 2 फूट, मोठ्यांना 3 बाय 3 फूट जागा पुरे. दोन चौकटींमध्ये चालायला दोन फूट सोडा, नाहीतर शेजाऱ्याच्या चित्रावर पाय पडून भांडणे होतात.

प्रश्न : चित्र धुतल्यावर रस्ताभर गुलाबी राड झाली आणि डाग राहिले. काय चुकले? – अमळनेर

उत्तर : आधी पाणी मारले, हे चुकले. कोरडी पूड पाण्याने पातळ होऊन सांध्यांत आणि भेगांत शिरते. आधी कोरडेच, कडेकडून मध्याकडे केरसुणीने झाडा, पूड सुपलीत भरून कचऱ्यात टाका. मग थोडे पाणी आणि ताठ ब्रश. गुलाबी राहिले ते बहुधा गुलालाचे किंवा ऑक्साइडचे असणार. धुण्याच्या पावडरीचा दाट लेप अर्धा तास ठेवून घासा, दोन-तीनदा करावे लागेल. तरी राहिले तर सिमेंटवर ॲसिड ओतू नका. डाग जातो, पण त्याबरोबर वरचा थरही जातो आणि तिथे पुढच्या वर्षी खडू दुप्पट लागतो.